अडीच हजार टन आणि दहा ग्रॅम

अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांपेक्षा माणसे जास्त असतात. राजूरच्या गणपतीला पायी जायचे, मंगळवारी पहाटे रांगेत उभे राहायचे, ही इथली जुनी रीत. कोणी बूट घालून, कोणी चप्पल हातात घेऊन, बरेच जण नवसाचे म्हणून पूर्ण अनवाणी. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर. चालणाऱ्याला विचारले तर तो म्हणेल, त्यात काय, रात्रभरात होतं.

काय होतं, त्याचा हिशेब मांडून पाहू.

मध्यम उंचीच्या माणसाचे पाऊल साधारण ७० सेंटीमीटरांचे धरले, तर पंचवीस किलोमीटरांना सुमारे ३५,७०० पावले लागतात. माणसाचे वजन ६५ किलो धरू. पण चालताना पाय जमिनीवर नुसता ठेवला जात नाही, तो आदळतो आणि नंतर जमिनीला मागे रेटतो. त्या दोन क्षणी पायावर येणारा जोर वजनाच्या सुमारे एक दशांशाने वाढतो, म्हणजे ७१ किलोच्या पुढे जातो. आता गुणाकार करा. जालना ते राजूर या एका वाटेत एका माणसाच्या दोन पायांनी मिळून साडेपंचवीस लाख किलोंचा, म्हणजे अडीच हजार टनांहून थोडा जास्तच भार झेललेला असतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळईचे ट्रक बाहेर पडतात, त्यांतला एक २५ टनांचा धरला तर असे शंभर ट्रक होतात.

ही बेरीज आहे, हे खरे. शंभर ट्रक एकदम पायावर येत नाहीत, ७१ किलोंच्या हप्त्यांनी येतात. पण कर्ज हप्त्यांनी फेडले म्हणून ते लहान होत नाही. आणि हे फेडणारे यंत्र केवढे, तर दोन्ही पायांचा गुडघ्याखालचा सगळा भाग, म्हणजे नडग्या, पोटऱ्या, घोटे, टाचा, चवडे आणि बोटे मिळून शरीराच्या वजनाच्या बारा टक्क्यांच्या आसपास. ६५ किलोंच्या माणसात आठ किलोंनाही थोडे कमीच.

या आठ किलोंमधला सर्वांत गुंतागुंतीचा ऐवज घोट्याच्या खाली आहे. एका पावलात २६ हाडे असतात. सात टाचेकडची, पाच चवड्याची आणि चौदा बोटांची. यात अंगठ्याची दोन आणि बाकी चार बोटांची तीन-तीन. अंगठ्याच्या बुडाशी मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी आणखी दोन हाडे असतात, ती या मोजणीत धरत नाहीत. दोन पावलांची मिळून ५२ हाडे झाली. सबंध शरीरात २०६, म्हणजे हाडांपैकी चौथा हिस्सा सगळ्यांत खाली, मातीला लागून. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर भरली होती. या एका जिल्ह्याच्या नुसत्या पावलांमध्ये दहा कोटींवर हाडे होतात. त्यात एकेका पावलाचे ३३ सांधे आणि हाडाला हाड बांधणारे शंभराहून अधिक अस्थिबंध धरा.

ही सगळी हाडे कामाला सारखी नाहीत. त्यांतले टॅलस नावाचे हाड मला सर्वांत विलक्षण वाटते. नडगीचे हाड जिथे संपते तिथे, घोट्याच्या दोन उंचवट्यांच्या मधोमध ते बसलेले असते. वरून येणारा प्रत्येक किलो त्याच्यातून जातो आणि पुढे टाचेला आणि चवड्याला वाटला जातो. तरीही या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याच्या पृष्ठभागाचा निम्म्याहून मोठा भाग गुळगुळीत कूर्चेने मढवलेला आहे. ते वरच्या आणि खालच्या हाडांच्या कह्यात राहून सरकत असते. एवढे जबाबदारीचे काम आणि हाताखाली माणूस एकही नाही. म्हणूनच ते मोडले की बरे व्हायला फार वेळ घेते, कारण रक्त पोचायच्या वाटा थोड्या आणि अरुंद आहेत.

मग या २६ तुकड्यांचे पाऊल भाराखाली पसरून चपटे का होत नाही? शाळेत उत्तर असे शिकवतात की पावलाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत कमान असते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. पावलाला आडवीही एक कमान असते, अंगठ्याच्या बाजूकडून करंगळीच्या बाजूकडे जाणारी. मधुसूदन वेंकदेशन, महेश बंदी आणि श्रेयस मांद्रे या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पावलाच्या ताठपणातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा या दुर्लक्षित आडव्या कमानीचा आहे. पटत नसेल तर खिशातली पन्नासची नोट काढा. एका टोकाला सपाट धरली तर दुसरे टोक लोंबते. तेच धरलेले टोक बोटांनी दाबून रुंदीकडून किंचित पन्हळीसारखे वळवा, सबंध नोट ताठ उभी राहते. कागद तोच, वजन तेच. माणूस चवड्यावर उभा राहतो तेव्हा पाऊल मधूनच दुमडत नाही, याचे निम्मे रहस्य त्या नोटेत आहे.

आता जरा वर नडगीकडे येऊ. नडगीत दोन हाडे. आतले जाड टिबिया आणि बाहेरचे काडीसारखे फिब्युला. भाराचा बहुतेक भाग टिबिया उचलते, फिब्युलाच्या वाट्याला साधारण सहा ते सतरा टक्के येतात. जालन्यात लोखंडाची गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही, म्हणून हाडाची कसोटी इथल्याच मापाने लावू. बाजारात मिळणाऱ्या ‘एफई ५००’ सळईतला पाचशेचा आकडा असा, की तिच्या दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण दिला तरी ती कायमची लांबणार नाही. लांब हाडाच्या घट्ट भागाची ताण सोसण्याची क्षमता त्याच मापाने सुमारे १३०. म्हणजे हाड सळईच्या चौथ्या हिश्शाला. हरलेच म्हणा ना. पण जरा थांबा, वजन पाहू. पोलादाची घनता ७.८५, हाडाची दोनच्या आतबाहेर, म्हणजे तीही चौथ्या हिश्शाला. किलोला किलो तोलले तर नडगीचे हाड आणि जालन्याची सळई बरोबरीत सुटतात.

दाबाच्या बाबतीत तर हाड घराच्या खांबाला मागे टाकते. साध्या घरांच्या स्लॅबला चालणाऱ्या ‘एम २०’ काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. घट्ट हाडाची १७० च्या आसपास. सोप्या भाषेत, एका चौरस सेंटीमीटर हाडावर १,७०० किलो ठेवता येतात. आणि सळई गंजते, काँक्रीटला तडे जातात. हाडाला तडे जातात तेव्हा ते स्वतःच ते उकरून पुन्हा भरते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. ही सोय आपल्या एकाही कारखान्याला अजून जमलेली नाही.

मात्र या दुरुस्तीचे वेळापत्रक ठरलेले आहे. झिजलेला भाग उकरून काढायला पेशींना साधारण तीन आठवडे लागतात आणि तो खड्डा नव्या हाडाने भरायला तीन-चार महिने. उकरणे झटपट, भरणे सावकाश. ज्याने वर्षभर खुर्ची सोडली नाही आणि अचानक रोज मैलोगणती चालायला घेतले, त्याच्या चवड्यात खड्डे भरण्याआधीच नवे खणले जातात. मग एक दिवस पडझड नाही, अपघात नाही, तरी दुसऱ्या बोटामागचे हाड तडकते. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या कूचानंतर सैनिकांचे पाय असे सुजलेले पाहून टिपून ठेवले. त्याला कारण दिसणे शक्यच नव्हते, क्ष-किरण सापडायला अजून चाळीस वर्षे होती. आजही डॉक्टर त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’च म्हणतात.

सैनिकांचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे चला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची गाठ पडली. लढाईच्या इतिहासात तोफांची संख्या असते, घोडेस्वारांची असते, नद्यांचे उतार असतात. एक गोष्ट मात्र बहुतेक जण ओलांडून जातात. वेलस्लीचे पायदळ त्या दिवशी वीस मैलांच्या वर चालून आले आणि त्याच पायांवर उभे राहून संध्याकाळपर्यंत लढले. कंपनीच्या बाजूचे १,५८४ जण त्या दिवशी मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी किती जणांच्या चवड्याची हाडे कूच करतानाच तडकली होती, याची नोंद कोण ठेवणार? पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाच्या ‘वेलिंग्टन’ या किताबाचे नाव गुडघ्यापर्यंतच्या बुटांना मिळाले. त्याच्या शिपायांच्या पायांचे नाव कशालाच मिळाले नाही.

आता या यंत्राच्या सर्वांत ताकदवान दोरीकडे. पोटरी खाली उतरत बारीक होत जाते आणि टाचेच्या वर बोटांच्या चिमटीत धरता येईल अशी एक ताठ वादी हाताला लागते. ती अकिलीसची कंडरा. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. आडवी कापली तर तिचा छेद ८० चौरस मिलिमीटरांच्या घरात भरतो. बांधकामावर जाणाऱ्याला हे माप लगेच ओळखू येईल, कारण १० मिलिमीटर जाडीच्या सळईचा छेद ७८.५ चौरस मिलिमीटर असतो. म्हणजे आपल्या प्रत्येक टाचेमागे जवळपास दहा एमएमची एकेक सळई बांधलेली आहे, फक्त तिचे वजन सळईच्या सातव्या हिश्शाएवढे.

या वादीवर किती ताण येतो? फिनलंडचे संशोधक पाव्हो कोमी यांनी धावणाऱ्या माणसांच्या कंडरेवरच मोजमापाचे उपकरण बसवून ताण मोजला. त्यांना सर्वाधिक ९,००० न्यूटन आढळले. किलोत सांगायचे तर ९०० च्या वर, त्या धावपटूच्या वजनाच्या साडेबारा पट. एवढा ताण का यावा, हे तरफेचे गणित आहे. टाच उचलून चवड्यावर भार घेतो तेव्हा घोटा हा टेकू होतो. चवडा टेकूपासून तेरा-चौदा सेंटीमीटर पुढे, आणि कंडरा जिथे टाचेला घट्ट बसली आहे ती जागा फक्त पाच सेंटीमीटर मागे. मागचा हात आखूड, म्हणून त्याला अडीच पटींहून जास्त जोर लावावा लागतो. साध्या चालण्यातही कंडरेवर दीडशे ते अडीचशे किलोंचा ताण येतो तो यामुळेच. पावणेदोनशे धरा आणि राजूरच्या वाटेचा हिशेब पुन्हा करा. एकेका पायाच्या वाट्याला सुमारे १७,८०० पावले. एकेका कंडरेने रात्रभरात ओढलेला भार तीन हजार टनांच्या पुढे जातो. जमिनीवर दोन पायांचा मिळून अडीच हजार, आणि टाचेमागच्या एका वादीवर तीन हजार. जास्त जड हिशेब तळव्याच्या नव्हे, तिच्या नावावर लिहिलेला आहे.

शिवाय कंडरा सळईसारखी नुसती ताठ नाही. सळई आपल्या मर्यादेत हजारात अडीच भाग ताणली जाते, त्यापुढे गेली की परत येत नाही. कंडरा शंभरात चार-सहा भाग ताणून पुन्हा पूर्ववत होते. ताणताना ती शक्ती साठवते आणि आखूड होताना परत देते. ७० किलोंचा माणूस धावत असताना प्रत्येक पावलाला जी शक्ती आत-बाहेर होते, तिच्यातली ३५ टक्के ही एक कंडरा आणि १७ टक्के पावलाची कमान साठवून परत करतात, असा हिशेब ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला. निम्म्याहून अधिक शक्ती फुकटात परत मिळाली, स्नायूंना पुन्हा खर्च करावा लागला नाही.

असे यंत्र माणसाला हुबेहूब बनवता येईल का? १९६८ मध्ये जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकूड वापरून कृत्रिम पाऊल घडवले. त्याआधीची परदेशी पावले बुटात घालून चालण्यासाठी होती. आपल्या माणसाला उकिडवे बसायचे असते, मांडी घालून जेवायचे असते, चिखलात अनवाणी उतरायचे असते. जयपूर फूट तिथेच जिंकले. घोट्याच्या हालचालीतला एवढासा भाग परत देता आला म्हणून सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मूळ यंत्राची थोरवी यावरून जोखावी.

आता पोटरीच्या दुसऱ्या कामाकडे. हृदय रक्त खाली ढकलते हे सगळे जाणतात. ते परत वर कसे येते? स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यापाशी नीलांमधला दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरभर रक्ताचा स्तंभ उभा असतो. दहा-बारा पावले चालताच तोच दाब तीसच्या खाली येतो. पोटरीचे स्नायू आवळतात तेव्हा आतल्या नीला पिळल्या जातात. त्यांत वरच्या दिशेनेच उघडणाऱ्या झडपा असल्यामुळे रक्ताला एकच वाट उरते. एका आवळण्यात पोटरीतले निम्म्याच्या आसपास रक्त वर जाते. म्हणून यात्रेत पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याचे पाय सुजतात त्यापेक्षा त्याच रस्त्यावर बंदोबस्ताला एका जागी आठ तास उभ्या असलेल्या हवालदाराचे पाय जास्त सुजण्याचा संभव असतो. बारा तास गाळ्यात उभे राहणाऱ्या दुकानदाराचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे तेच. दर पाच-दहा मिनिटांनी टाचा वर-खाली केल्या तरी पंप चालू राहतो. याला कोणाची परवानगी लागत नाही.

चालण्यातली एक बारीक गोष्ट आणखी. पाय पुढे टाकताना अंगठा जमिनीपासून किती उंचावरून जातो? कॅनडातले संशोधक डेव्हिड विंटर यांच्या मोजमापानुसार सरासरी १.२९ सेंटीमीटर. त्या क्षणी पाऊल सेकंदाला साडेचार मीटरांहून अधिक, म्हणजे ताशी सोळा किलोमीटर वेगाने पुढे जात असते. सबंध शरीर ताशी पाचने चाललेले, पाऊल सोळाने, आणि खाली अंतर जेमतेम सव्वा सेंटीमीटर. असे एका रात्रीत छत्तीस हजार वेळा. ठेच लागते याचे नवल नाही, इतकी कमी कशी लागते याचे आहे. चवडा वर उचलून धरणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. दुसऱ्या दिवशी नडग्या भरून येतात, त्याची तक्रार या स्नायूची असते.

पावलांच्या मोजणीचा सर्वांत मोठा प्रयत्न २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १११ देशांतल्या सात लाख सतरा हजार लोकांच्या मोबाइलमधल्या नोंदी तपासल्या. जगाची सरासरी दिवसाला ४,९६१ पावले, हाँगकाँगची ६,८८०, भारताची ४,२९७. वर्तमानपत्रांनी लगेच ठरवून टाकले की भारतीय माणूस आळशी आहे. पण ज्यांच्या खिशात स्मार्टफोन होता त्यांचीच ही मोजणी. कपाशीच्या सरीतून दिवसभर वेचणी करणाऱ्या बाईच्या लुगड्याला खिसाच नसतो, तिची पावले कुठे मोजली? दिवसाला सात हजार पावले आणि साठ वर्षांची चाल धरली, तर एका माणसाची पंधरा कोटींच्या वर पावले आणि एक लाख सात हजार किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीला विषुववृत्तावरून अडीच फेऱ्या मारून वर काही उरते. शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन पायीच परतणारे वारकरी जाता-येता बाराशे किलोमीटरांच्या पुढे चालतात. परतीच्या वाटेवर ते शहागड, जालना, सिंदखेडराजा असे जातात. आपल्या रस्त्यावरून ते पुढे निघतात तेव्हा त्यांच्या पावलांची संख्या दहा लाखांपलीकडे गेलेली असते.

एवढा वेळ टनांत बोललो. आता ग्रॅमवर येऊ, कारण या यंत्राची खरी नाजूक जागा तिथे आहे.

तळव्याच्या कातडीचा वरचा निबर थर एक-दीड मिलिमीटर जाड होऊ शकतो. पापणीवर तोच थर याच्या कित्येक पटींनी पातळ. तळव्यावर केस नाहीत, तेल स्रवणाऱ्या ग्रंथी नाहीत, पण घामाच्या ग्रंथी दर चौरस सेंटीमीटरला अडीचशे ते साडेपाचशेपर्यंत आहेत. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात, आणि लोकांची समजूत अशी की घट्टा पडला की पाय बोथट होतो. २०१९ मध्ये केनियातल्या ८१ आणि बोस्टनमधल्या २२ जणांचे तळवे तपासल्यावर वेगळेच निघाले. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण स्पर्शाची जाण तेवढीच तीक्ष्ण होती. निबर थर दाब पुरता खाली पोचवतो. घट्टा पायाला वाचवतो आणि काही काढूनही घेत नाही. जाड तळ असलेल्या बुटाची गोष्ट तशी नाही.

ही जाण मेंदूकडे नेणारी तार कशी आहे पाहा. अंगठ्याच्या टोकाची संवेदना नेणाऱ्या चेतापेशीचे बूड कमरेच्या मणक्यांजवळ असते. तिथून एकच धागा मांडी, गुडघा, पोटरी, घोटा करत बोटापर्यंत येतो. पेशी एक, लांबी एक मीटर. तिचे मुख्य अंग मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून मोठे नसते. बाभळीचा काटा रुतला तर स्पर्शाची बातमी सेकंदाला पन्नास मीटरांहून अधिक वेगाने जाते, म्हणून ‘काहीतरी टोचलं’ हे लगेच कळते आणि पाय उचलला जातो. जळजळणारी, रेंगाळणारी वेदना ज्या बारीक धाग्यांतून जाते त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. ती सेकंद-दीड सेकंद मागून येते. काटा आधी टोचतो आणि मग दुखतो, हा अनुभव मराठवाड्यात कोणाला नाही?

जितकी तार लांब तितकी ती आधी बिघडते. मधुमेहात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पहिला घाला या मीटरभर लांबीच्या धाग्यांवर पडतो. बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन पायमोज्यासारखा वर चढतो. दुखत नाही, म्हणून माणूस खुश असतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले होते, की त्या रुग्णांची बोटे नुसत्या रोगाने झडत नव्हती. वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या रोजच्या जखमांनी ती जात होती. मधुमेहाच्या पायात नेमके तेच घडते.

इथे तो दहा ग्रॅमचा आकडा येतो. डॉक्टरांकडे नायलॉनचा एक धागा असतो. तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमला तो वाकतो. धडधाकट तळव्याला याहून कितीतरी हलका स्पर्श कळतो. डोळे मिटून हा दहा ग्रॅमचा स्पर्शही ज्याला कळत नाही, त्याच्या पायाचे संरक्षण संपले असे समजतात. रात्रभरात अडीच हजार टन झेलणारा पाय टिकतो की जातो, हे दहा ग्रॅमवर ठरते. हाड तेच असते, कंडरा तीच असते, कमानही तीच. पण खडा रुतला हे न कळल्याने माणूस त्याच खड्यावर दहा हजार पावले टाकतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे. हा आकडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला आयुष्यात कधीतरी जखम चिघळण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के. त्यात आपल्याकडचे ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी डांबराचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. ४४ अंशांवर कातडी भाजायला सहा तास लागतात, ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. हे मोजमाप पातळ कातडीचे आहे. तळवा जाड, म्हणून थोडा जास्त टिकतो, शिवाय चटका बसताच माणूस पाय उचलतो. ज्याला चटकाच कळत नाही तो उचलत नाही, आणि घरी गेल्यावर पाय धुताना कातडी निघते.

अनवाणी नवस बोलणाऱ्यांच्या श्रद्धेवर बोलायचा मला अधिकार नाही. पण मधुमेह पाच-दहा वर्षांचा असेल तर नवस बोलण्याआधी तळवा तपासून घ्या आणि चप्पल घालून जा, एवढे म्हणण्याचा नक्की आहे. भोवरी ब्लेडने घरी कापू नका. जळवातात मेण भरण्याआधी भेग किती खोल गेली आहे ते पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून रोज रात्री दोन्ही तळवे बघा, किंवा घरातल्या पोराला बघायला सांगा. आणि पुढच्या वेळी साखरेचा कागद घेऊन दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी म्हणायची वाट न पाहता चपला काढून पाय पुढे करा आणि धाग्याची तपासणी मागून घ्या. ती दोन-तीन मिनिटांत होते, सुई लागत नाही आणि दुखत नाही.